आत्याबाई आणि मुंबईची उष्टी ताटं

आत्याबाई कुठल्याही हॉटेलात पुढच्या दारानं शिरत नसत. आधी मागची गल्ली शोधायच्या. जिथं भांडी घासतात त्या नळापाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि परत येणारी ताटं पाहायच्या. कुणी काय टाकलं, काय संपवलं, कुणी रस्सा बोटानं निपटून घेतला आणि कुणी भाताखाली भाजी लपवली. पाच मिनिटं, फार तर दहा. मग मान हलवायच्या. उभी हलली तर इथं खायचं, आडवी हलली तर पुढं चला.

“गल्ल्यावरल्या माणसाले काय इचारतं व? तो आपल्याच दुकानाले नावं ठेवीन काय? ताटाले इचार.”

यात विशेष असं की त्या माळकरी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी वर्ज्य, हॉटेलचा चहासुद्धा नाही. मुंबईत त्यांनी आमच्यासाठी मासळीच्या, शोरब्याच्या, इडलीच्या, खिम्याच्या वीसेक जागा शोधून काढल्या आणि त्यातल्या एकाही ठिकाणचा घास स्वतःच्या तोंडात घातला नाही. स्वतःसाठी त्या धर्मशाळेच्या शेगडीवर भाकरी थापायच्या आणि शेंगदाण्याच्या चटणीशी खायच्या. तेही उभ्यानं.

आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांची, प्रभाकरांची, सख्खी आत्या. केनवडला राहायच्या. चार एकर शेत, एक म्हैस आणि पायाला भिंगरी. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून त्यांना बूड टेकून बसलेलं क्वचितच पाहिलं. पंगतीत वाढायला त्या, वावरात बाया घेऊन जायला त्या, कुणाची सून बाळंत झाली तर पहिल्या गाडीनं निघायला त्याच. “बसलं का गुडघे म्हातारे होतात,” म्हणायच्या. मी अगदी उलट. वाशिमला एका शाळेच्या कार्यालयात नोकरी, सगळं वहीत, रकाने आखून, तारीख घालून. आमचं एरवी पटलं असतं असं वाटत नाही. मुंबईनं पटवलं.

प्रभाकरांच्या पोटात गाठ निघाली आणि आम्ही मुंबईला गेलो, परळला दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत उतरलो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि साफ सांगितलं, “एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. सेहेचाळीस आहात. एकोणपन्नास करून या. महिना देतो. त्यापेक्षा जास्त थांबणंही बरं नाही.” म्हणजे तीन किलो. वाशिमच्या बाजारात तीन किलो ही काय वस्तू आहे! पण ज्या माणसाला औषधांनी प्रत्येक घास कडू लागतो, त्याच्या अंगावर तीन किलो चढवायचे म्हणजे काय, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आठव्या दिवशी वजन भरलं पंचेचाळीस किलो चारशे ग्रॅम. मी तसं वहीत लिहिलं.

त्याच दिवशी आत्याबाई धर्मशाळेच्या दारात उभ्या. बोलावलं कुणीच नव्हतं. हातात ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, पायात नातवाचे कॅनव्हासचे बूट. प्रभाकरांकडे एकदा पाहिलं, त्यांच्या ताटाकडे दोनदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, “काय खाऊ घालून राह्यली याले?”

मी यादी पुढं केली. फोनवर लोकांनी भरभरून तारे दिलेली ठिकाणं, नातेवाइकांनी सुचवलेली ठिकाणं. नाव, पत्ता, वेळ, काय मिळतं. अकरा नोंदी, सातांपुढे नापसंतीची फुली.

“हे काय व सूनबाई, किराण्याची चिठ्ठी?”

“चांगल्या हॉटेलांची यादी आहे, आत्याबाई. लोकांनी सांगितलेली.”

“त्या लोकायच्या पोटात गाठ हाय काय?”

“नाही.”

“मंग त्याह्यचं काय ऐकतं? चाल, चप्पल घाल.”

तेव्हापासून रोज सकाळी अकरा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते आठ आमची पायपीट सुरू झाली. तेवढा वेळ शेजारच्या खोलीतल्या बाई प्रभाकरांपाशी बसायच्या. माटुंग्याला इडलीसाठी लोक रांगेत ताटकळत होते. आत्याबाई रांग ओलांडून थेट मागं गेल्या आणि लगेच परतल्या. “चटणी समद्यायनं तशीच ठेवली. खोबरं शिळं हाय.” चार दुकानं सोडून एका अरुंद जागेत वाट्या चाटूनपुसून येत होत्या, तिथलं सार आम्ही डब्यात घेतलं. गिरगावात एका खानावळीच्या मोरीपाशी त्या वाकून माशांचे काटे पाहत होत्या. भांडी घासणारी बाई चिडली, “ओ मावशी, काय हरवलंय?” तर म्हणतात, “भूक हारपली व माय, आमच्या पोराची. तीच पाहून राह्यली.” त्या बाईनं हातातली राख टाकली आणि आत जाऊन स्वतः विचारून आली की आज ताजं काय आहे.

मोहम्मद अली रोडच्या एका आतल्या गल्लीत बकऱ्याच्या पायांचा शोरबा उकळत होता. तिथला म्हातारा आचारी म्हणाला, “अम्मा, यहाँ क्यों खड़ी हो? अंदर बैठो।”

“बैठने कू टाइम नहीं, भाईजान। आमच्या घरी पेट का बीमार हाय। वो थालीवाले ने आधा काहेकू छोड़ा?”

“उसकी बीवी का फ़ोन आया था, अम्मा!”

आत्याबाई इतक्या हसल्या की पदर तोंडाशी धरावा लागला. मग मान उभी हलवली. तो डबा त्यांनी परळपर्यंत हात लांब करून नेला, जणू आत निखारे आहेत. खोलीत आल्यावर तीनदा हात धुतले. प्रभाकरांना तेवढ्यातही चेष्टा सुचली.

“आत्या, माळ बाटली तुझी.”

“माळ गळ्यात हाय, डब्यात नाही. खाय मुकाट्यानं.”

प्रभाकरांनी दोन चमचे घेतले आणि वाडगा सरकवला. सारही दोन चमचे. बांगडाही दोन घास. सगळी मुंबई पालथी घालून आणलेलं अन्न असं दोन-दोन घासांवर अडत होतं. शहरात चांगलं खायला मिळत नव्हतं असं नाही; मिळत होतं, दर गल्लीत निराळं, दर गल्लीत निराळ्या मुलखातल्या माणसांचं. पण चांगली जागा सापडणं आणि आमच्या माणसानं खाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि दिवस मोजकेच उरले होते.

दर सोमवारी आम्ही खालच्या औषधाच्या दुकानात वजन करत असू. दुसऱ्या सोमवारी काट्यावर पंचेचाळीस किलो शंभर ग्रॅम आले. प्रभाकर चष्मा खोलीत विसरून आले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी माझा दंड धरून मला दुकानाच्या पायरीवर ओढलं.

“वाढलं म्हणून सांग.”

“आत्याबाई, उतरलंय.”

“मले दिसलं. तू वाढलं म्हणून सांग. अन् वहीतही तसंच लिह्य.”

मी स्पष्ट नाही म्हटलं. खोटे आकडे लिहून डॉक्टरांना काय दाखवू?

“डॉक्टर आपल्या काट्यावर पायते, तुह्या वहीत नाही. वही परभ्या पायते. तू पाणी आणाले गेली का उघडून पायते. अन् आकडा पाह्यला का त्याचा हात ताटावरून उठते. दोन दिवस झाले, मी पाहून राह्यली.” मग जरा खालच्या आवाजात, “तुई वही त्याची भूक खाऊन राह्यली, बाई.”

मला राग आला. इतका राग आला की मी पायरीवरून उतरून कोपऱ्यापर्यंत चालत गेले. इतके दिवस त्या वहीनंच मला उभं ठेवलं होतं. औषधांच्या वेळा, तपासण्यांचे कागद, डॉक्टरांचे शब्द, सगळं तीत होतं. ती नसती तर मी कधीच कोसळले असते. पण कोपऱ्यावर उभी असताना आठवलं की परवा पाणी घेऊन आले तेव्हा वही उशीजवळ उपडी पडली होती, आणि मी ती सरळ ठेवली होती.

परत आले. “सेहेचाळीस दोनशे,” मी प्रभाकरांना सांगितलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं. पेन जरासुद्धा अडखळलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

त्या दुपारी आत्याबाई एकट्याच गेल्या. मला येऊ दिलं नाही. तीन तासांनी आल्या तेव्हा डब्यात लाल तांदळाची दाट पेज होती, वर खोबऱ्याची आंबट चटणी आणि पानात बांधलेले बोटभर तळलेले मासे. माझगावच्या बाजूला कुठंतरी केरळच्या लोकांची खानावळ होती, गोदीतले कामगार तिथं जेवतात, एवढंच कळलं. “वाडग्याले बोटायच्या रेघा होत्या,” त्या म्हणाल्या, “शीत म्हणून नव्हतं.” प्रभाकरांनी पहिला चमचा घेतला, थांबले. दुसरा घेतला. मग चमचा बाजूला ठेवून वाडगाच तोंडाला लावला. आम्ही दोघी भिंतीकडे पाहत उभ्या होतो, त्यांच्याकडे पाहायची हिंमत नव्हती.

“अजून आहे?” त्यांनी विचारलं.

नंतरचे दिवस धावपळीत गेले. रोजची पेज आत्याबाईंनी आणायची, बाकीचं मी. प्रभाकरांची जीभ मोकळी झाली तशा फर्माइशी सुटल्या. आज बांगडा, उद्या अंडी, परवा तो शोरबा, “आणि तो पूर्ण वाडगा आणा.” दर सोमवारी मी काट्यावरच्या आकड्यात भर घालत होते, पण ती भर दर वेळी कमी घालावी लागत होती.

महिना भरला. दवाखान्याच्या काट्यावर अठ्ठेचाळीस किलो सातशे ग्रॅम. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, प्रभाकरांकडे पाहिलं. “चालेल. परवा घेऊ.” बाहेर बाकावर बसल्यावर मी वही पिशवीत घालत होते, तर प्रभाकर हळूच म्हणाले, “त्या दुकानातल्या काट्यावर आकडे लाल असतात आणि चांगले मोठे. मला चष्मा लागतो, मी आंधळा नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू खोटं लिहितेस म्हटल्यावर समजलो, प्रकरण गंभीर आहे. म्हटलं, आता खाल्लेलं बरं.”

आत्याबाई मात्र दुसऱ्या दिवशी निघाल्या. तूर सोंगायला, म्हणजे कापणीला, आली होती. मी चिडून बसपर्यंत सोडायला गेले. “उद्या ऑपरेशन, आणि तुम्ही आज जाता?”

“पोटापोतर माही पोच होती. त्याच्या आत डॉक्टर जाईन. मी बाहीर बसून काय करू? मले बसता येत नाही, तुले माईत हाय.” त्यांनी माझ्या पदराची पिन नीट केली आणि विषय संपवला.

मी पेन काढलं. “त्या पेजेच्या जागेचा पत्ता तरी सांगा.”

“पत्ता कायचा? मशिदीच्या मांगून जाय, बकऱ्या बांधल्या हायेत तिथून वळ, नळ लागते.”

“कोणती मशीद?”

“आता मशिदीले मी नाव इचारत बसू?”

बस हलली. ऑपरेशन नीट झालं. दोन वर्षांनी आत्याबाई गेल्या. वावरातून येता येता, वाटेतच. केनवडला पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, आणि प्रत्येकाकडे त्यांनी कुणाच्या कोणत्या दुखण्यात काय आणून खाऊ घातलं याची एक गोष्ट होती.

दर सहा महिन्यांनी आम्ही तपासणीला मुंबईला जातो. रिपोर्ट मिळाला की पिशवी खांद्याला लावतो आणि माझगाव, डोंगरीच्या गल्ल्या धुंडाळतो. मशिदी खूप, बकऱ्या खूप, नळ त्याहून जास्त. नऊ ठिकाणं झाली, नवांपुढे फुली. गेल्या खेपेला दहाव्या ठिकाणी लाल तांदळाची पेज मिळाली, वर खोबऱ्याची चटणी, पानात मासे. मी पेन उघडून बसले. प्रभाकरांनी पहिला चमचा घेतला, डोळे मिटले, उघडले.

“ही नाही,” ते म्हणाले, आणि वाडगा तोंडाला लावला.