प्रश्न विचारायचा होता, उत्तर द्यायचं नव्हतं

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी ट्रेनिंग बघते. सध्या आमच्यातल्याच काही जणांना गटाच्या बैठका चालवायला शिकवतोय. कामातली खरी अडचण घ्यायची, ती रोज झेलणाऱ्यांना बसवायचं आणि बैठक चालवणाऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे. उत्तर द्यायचं नाही. एवढा एकच नियम.

आज पहिली बैठक सावंत साहेबांनी घेतली. प्रॉडक्शनमध्ये उभी हयात गेलेला माणूस. विषय होता गळणारा पंप. गेल्याच महिन्यात त्याच्यामुळे एका कामगाराचा हात भाजला.

साहेबांचा पहिला प्रश्न, "पंपाचं सील बदलायला नको का?" दुसरा, "मी सांगतोय ते बरोबर आहे ना?"

पंप चालवणारे म्हात्रे दोनदा बोलायला गेले आणि गप्प बसले. शेवटी माझाच संयम सुटला. "साहेब, हे प्रश्न नाहीत, ऑर्डरी आहेत!" असं म्हणून प्रश्न कसा विचारावा यावर मी दहा मिनिटं बोलले. तेवढ्यात वेळ संपली.

बाहेर म्हात्रे म्हणाले, "सीलचा काय दोष नाय, मॅडम. शिफ्ट बदलताना घाईत व्हॉल्व एकदम उघडतात, त्याचा दणका बसून पंप गळतो."

"अहो, मग आत का नाही बोललात?"

"आधी साहेब बोलत व्हते. मग तुम्ही."

पेणला घरी पोचेपर्यंत बसमध्ये स्वतःवरच चरफडत होते. उद्या पुन्हा बसतोय, आणि आधी म्हात्रे बोलणार.

खरं सांगा, उत्तर माहीत नसताना तुम्ही कामावर कुणाला शेवटचं कधी काही विचारलंत?