कोलममधली साइन

पापनाशमच्या शाळेत मी बारावीला गणित शिकवतो. तिथली मुलं मला घाबरतात, पालक वाकून नमस्कार करतात, आणि इकडे तंजावरात माझीच अकरावीतली मुलगी, हरिणी, गणितात नापास होते. दिव्याखालचा अंधार इतक्या जवळून बघायला मिळणं हेही भाग्यच.

"ह्या परीक्षेंतही गेलं, तर मी गणित सोडते, अप्पा," ती म्हणाली. त्रिकोणमितीतल्या साइनचे लाटेसारखे आलेख तिच्या डोक्यात शिरत नव्हते आणि फळ्याला ती विटली होती. मग मी अक्कल चालवली. सकाळी दारापुढे, बायको कनकलता रोज कोलम, म्हणजे आपली रांगोळी, काढते तिथे, तांदळाच्या पिठाने साइन काढायची!

कनकलताने सडा घातला, ठिपके मांडून दिले आणि "अंगण खराब करूं नका हो" म्हणत आत गेली. हरिणी उंबऱ्यावर बसली. मी रस्त्यावर, घराकडे तोंड करून, कंबरेत वाकून लाट काढली. दोनने गुणलं, लाट दुप्पट उंच झाली. x च्या जागी 2x घातलं, लाटा दाटीने आल्या. "आता x मधून काही वजा केलं, की सगळी लाट सरकते. कुठे? इकडे!" मी पिठाचा हात ऐटीत फिरवला. शेजारच्या रघुपतींनी विचारलं, "आज नागपंचमी कां?" मी त्यांनाही साइन समजावली.

"कळलं!" हरिणी म्हणाली. आठवडाभर मी गल्लीतून छाती काढून फिरलो.

पेपर हातात आला. पुन्हा नापास. उंची बरोबर, दाटी बरोबर, पण उजवीकडे जायची प्रत्येक लाट डावीकडे गेलेली. मी भडकलो. "पुस्तक उघडलं होतंस कां?"

"उघडलं होतं. त्यांत उजवीकडेच होतं," ती रडवेली झाली. "पण तुम्ही डावीकडे काढलं होतं. मला वाटलं, पुस्तक चुकलं असेल. अप्पा कसे चुकतील?"

मी उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो. इथून रस्त्यावरचं सगळं उलट. माझं उजवं ते तिचं डावं. साइन एवढी लबाड, की समोरच्या बाजूने बघितली तरी तशीच दिसते. सरकवल्यावरच फरक पडतो. आणि मी नुसतं "इकडे" म्हणालो होतो.

"गणित सोडूं कां, अप्पा?"

मला लाज वाटली. "गणित नको सोडूस, बाळ. मला सोड. पुस्तकाला धर."

ती हसली नाही. उंबऱ्यावर बसून, थोडी सरकून तिने मला शेजारी जागा केली.