गोळी कुणाची, जीभ कुणाची

आमच्या घरात हृदय माझ्याकडं आणि हाडं बायकोकडं, अशी रीतसर वाटणी झालेली होती.

चार वर्षांपूर्वी माझ्या छातीत स्टेंट बसला आणि कंधारात माझी इज्जत एकदम वाढली. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, पण "सरका पुढं, सरका पुढं" म्हणून घसा बसला तरी कुणी तसूभर हललं नाही. आता मी नुसता छातीवर हात ठेवला की लोक खुर्ची रिकामी करतात! घरात बिनतेलाची भाजी माझी, दुपारची झोप माझी, टीव्हीचा आवाजसुद्धा माझ्या तब्येतीच्या मानानं. सुमनकडं, म्हणजे आमच्या मंडळींकडं, गुडघे आणि कंबर. ती कण्हली की मी मोठ्या मनानं बामची बाटली पुढं करायचो.

अशात मागच्या उन्हाळ्यात सुमन पाटावरून पडली. पाट म्हणजे बघा, वीतभर उंच! (वीतसुद्धा माझी नव्हे, तिची.) कुरड्यांचा डबा काढायला चढली आणि मनगट मोडून बसली. तिला नांदेडला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी प्लास्टर घातलं, हाडाचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. पाळी गेल्यावर बऱ्याच जणींचं होतं असं. आणि ज्यांची हाडं झिजतात, त्यांच्या रक्तवाहिन्याही पुष्कळदा कडक झालेल्या सापडतात. एकदा हृदय तपासून घ्या. काकू, जिना चढताना दम लागतो का?"

"लागतो की," सुमन म्हणाली.

"तिला न्हाई हो मॅडम, मला लागतो!" मी घाईनं दुरुस्ती केली. "हार्टचा पेशंट मी हाय."

"मी काकूंना विचारलं, काका."

"हाव, पण स्टेंट माझ्यात हाय ना!"

बाईंनी सुमनच्या नावानं तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली. त्याच खिशात माझी डबी असते. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची.

आठवड्यानं सुमननं विचारलं, "अवं, ती तपासणी कधी करायची?"

"अगं, आधी प्लास्टर तर निघू दे. एका वेळी एकच अवयव!"

"जिन्यात लई भरून येतंय मला."

"वजन वाढलंय तुझं."

असं मी म्हणालो. खरंच म्हणालो. आता आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

दीड महिन्यानं प्लास्टर काढायला परत नांदेड गाठलं. हाडं, हृदय सगळं एकाच जागी बघणारा मोठा दवाखाना, पण दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मी पुढं, कठड्याला धरून, "सावकाश चढायचं असतं, मला विचार" असं व्याख्यान देत. मागून काही हुंकार येईना म्हणून वळून पाहिलं, तर सुमन मधल्या पायरीवर बसलेली. चेहरा घामानं डबडबलेला, चांगला हात छातीवर.

"अवं... दुखून राहिलंय छातीत."

मी बावरलो नाही बरं का! चार वर्षं या प्रसंगाची तालीम केली होती मी. डबी काढायची, झाकण उघडायचं, गोळी उचलायची, जिभेखाली सारायची. अगदी तसंच केलं. एकही पायरी चुकली नाही. फक्त जीभ माझी होती!

"अवं, तुम्ही काय खाल्लं?" सुमन विचारून राहिली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर गोळीनं रक्तदाब उतरला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी जिन्यातच आडवा. वरून नर्स धावली, दवाखान्यातली मावशी धावली. माझ्या पिशवीतली हृदयाची फाईल पाहून नर्स ओरडली, "हार्ट पेशंट! स्ट्रेचर आणा!" आणि माझी वरात निघाली. मागून सुमन, एका हातात माझ्या चपला घेऊन, भिंत धरत धरत.

"बाई, दुखतंय ते मला!" ती मावशीला सांगत होती.

"ताई, तुम्ही घाबरू नका. काकांना काही होत न्हाई!"

"अवं, काकांना काही झालंच न्हाई!"

"असाच धीर ठेवा, ताई."

आत माझ्या छातीला भराभर वायरी चिकटल्या. मी "तिला... तिला..." म्हणत बाहेर बोट दाखवत होतो. छोटे डॉक्टर प्रेमानं म्हणाले, "काकूंची आठवण येतेय ना? बोलवतो. तुम्ही बोलू नका." आणि तेवढ्यात सुमननं माझ्या चपला फरशीवर धाडकन आपटल्या, शेजारच्या रिकाम्या खाटेवर स्वतःच आडवी झाली आणि म्हणाली, "त्यांचं झालं असंल तर ह्या वायरी आता मला लावा!"

लावल्या. त्या क्षणी सगळ्यांचे चेहरेच बदलले. पुढचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. तिला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसून माझ्याच चपलांकडं बघत रडत होतो. हिला काही झालं तर मी कुणाच्या जिवावर आजारी पडणार?

एका नळीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट बसला. मोठे डॉक्टर म्हणाले, "वेळेवर सापडलं. आधी कुणी तपासायला सांगितलं नव्हतं का?" मी खिशात हात घातला आणि डबीमागची घामानं भिजलेली चिठ्ठी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि सुमनपुढं धरली. सुमन बोलली, आणि अजून बोलतेच आहे. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. इतकी बेइज्जती कधी झाली नव्हती!

आता गल्लीतले लोक शहाळं घेऊन येतात ते तिच्यासाठी, आणि खुर्ची रिकामी करायची वेळ माझ्यावर येते. संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूला दोघं फिरायला जातो. ती जरा थांबली की माझ्या काळजात धस्स होतं. मी धावत जाऊन विचारतो, "सुमन, दुखतंय का गं छातीत?"

ती माझ्याकडं नीट निरखून बघते आणि म्हणते, "सांगते. आधी तुम्ही आ करा, जीभ वर उचलून दाखवा!"