आणून देणारं मांजर

लेकीनं लातूरहून मांजर आणलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, चला, गोदामातले उंदीर तरी कमी होतील. उदगीरला धान्याची अडत चालवणाऱ्याला मांजराचा दुसरा उपयोग सुचत नाही. अंग दुधाळ चहाच्या रंगाचं, तोंड-कान-शेपूट काळपट, डोळे निळे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मागच्या पिढीत कुणीतरी सयामी असणार. ही मांजरं बोलकी असतात आणि एकाच माणसाला धरून राहतात. बोलकी कसली, दिवसभर तान्ह्या पोरासारखं रडगाणं. उंदरांकडे ते बघायचंही नाही. बाटलीचं बूच फेकलं की मात्र तोंडात धरून परत आणायचं. लेक लातूरला शिकायला परत गेली आणि त्यानं तेही सोडलं. आम्ही किती बुचं फेकली, ते नुसतं बघत राहायचं.

आईला ते डोळ्यांसमोर नको असायचं. "आपल्यात अंडं शिवत न्हाईत, आन् ही वाघाची मावशी घरात," म्हणायची.

एका सकाळी ती पूजेला बसली होती. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळे मिटलेले. मांजर आलं, लिंग तोंडात धरलं आणि पसार झालं.

आमच्या लिंगायतांत इष्टलिंग दीक्षेच्या वेळी मिळतं आणि देहाबरोबरच जातं. ते हरवलं की सापडेपर्यंत आईच्या तोंडात पाण्याचा थेंब जाणार नव्हता. वय ऐंशीच्या पुढं, त्यात साखरेचा आजार. स्वामींना बोलावून दुसरं धारण करू, असं बायकोनं सुचवून पाहिलं.

"माझं मला पायजे," आई म्हणाली. "न्हाई तर न्हाई."

पोती हलवली, माळा उपसला. दुपारपर्यंत आईचे हात कापायला लागले. मी घाबरलो होतो. मांजर थप्पीवर बसून आमची गंमत बघत होतं. मी काठी उचलली.

"मारू नगंस त्याला. आता आणून देतंय ते."

"कुणाला?"

"मला. तू दुकानात गेलास, हिचा डोळा लागला, की रोज येतंय."

बायको माझ्याकडे बघायला लागली. आई मागच्या दाराशी जाऊन बसली. थोड्या वेळानं मांजर थप्पीमागं गेलं, भरल्या तोंडानं कुरकुरत आलं आणि लिंग तिच्या पदरावर ठेवून समोर बसलं.

तिनं लिंग धुतलं, डोळ्यांना लावलं, राहिलेली पूजा पुरी केली. बायको घाईनं ताट घेऊन आली.

"थांब जरा," आई म्हणाली. कमरेच्या पिशवीतून सुपारी काढली आणि आमच्यादेखत अंगणात भिरकावली. "मघाधरनं ताटकळून राहिलंय."