जेठांचा वर्ग

हेमांगीला भूगोल मनापासून आवडायचा, आणि तोच तिच्या अंगाशी आला.

पहूरची ही मुलगी लग्न होऊन धुळ्यात देवपूरला आली. नवरा भूषण जळगावला कंपनीत, रविवारी तेवढा घरी. एरवी घरात ती आणि सासू भिकुबाई. सुनेने कॉलेजात जायला भिकुबाई बऱ्याच कुरकुरीनंतर कबूल झाली, तीही अट घालून. "शिक बाई. पण जेठना समोर उघडा डोकानी उभी ऱ्हाऊ नको. बठ्ठा भाऊबंद नावे ठेवतीन. मंग मी कॉलेज बंद करसू."

जेठ म्हणजे अभिमन. भूषणचा थोरला चुलतभाऊ, मागच्याच गल्लीत राहणारा आणि त्याच कॉलेजात भूगोल शिकवणारा. अंगणात त्याचा खोकला ऐकू आला की हेमांगी पदर ओढून स्वयंपाकघरात शिरायची. लग्नापासून दोघांत एक शब्द नव्हता. तो तिचं नाव घेत नसे, ती त्याच्यासमोर बसत नसे. त्याच्याकडे शेवटच्या वर्षाचेच वर्ग असतात, अशी खात्री करूनच तिने भूगोल घेतला होता. पण पहिल्या वर्षाच्या मॅडम अचानक रजेवर गेल्या, आणि एका दुपारी वर्गाच्या दाराबाहेर तोच खोकला ऐकू आला.

तिचा हात पदराकडे गेला. पण अंगात पंजाबी ड्रेस होता. तिने ओढणी डोक्यावर घेतली आणि मान वहीत घातली. हजेरी सुरू झाली. सगळ्यांची नावं घेणारा अभिमन तिच्या नावापाशी अडखळला आणि नुसता नंबर म्हणाला. हेमांगीने मान आणखी खाली घातली. गैरहजेरी लागली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हजेरी कमी भरली की घरच्यांच्या मोबाइलवर मेसेज जातो, हे तिला ठाऊक होतं. भूषणला कळलं की सासूला कळायला कितीसा वेळ? तिला जेवण जाईनासं झालं.

विषय बदलायची मुदत शनिवारी संपत होती. ऑफिसातले लीलाधरभाऊ म्हणाले, "भूगोल सोडून इतिहास घेता येईल. वर्ग सकाळी सातला. आणि जो विषय सोडताय, त्याच्या सरांची सही आणा."

"सरांचीच लागते का?"

"मग काय माझी चालते?"

सकाळी सातला म्हणजे नळाचं पाणी, स्वयंपाक, सगळं सासूवर टाकून निघायचं. ते काही चालणार नव्हतं. भूगोल सुटला की महिनाभरात कॉलेजही सुटणार, हे तिला दिसत होतं. तरी जेठांसमोर रोज तोंड उघडण्यापेक्षा ते बरं, असं तिने मनाला बजावलं.

शेजारी बसणारी ममता सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची, वसतिगृहात राहणारी. ती म्हणाली, "चल, मी येते. सर खातात की काय तुला?"

"तुला नाही कळायचं गं."

"नाहीच कळत. आमच्याकडे होळीला जेठ अन् भावजया एकाच रांगेत नाचतात."

प्राध्यापकांच्या खोलीत अभिमन एकटाच होता. ममता टेबलापाशी गेली. हेमांगी दाराआड उभी राहिली, ओढणी नाकापर्यंत. अभिमनने अर्ज वाचला आणि खिडकीकडे तोंड केलं.

"ममता, तिला विचार, विषय का बदलायचा?"

"सर, ती इथेच आहे. ऐकतेय."

अभिमनच्या मानेवर घाम आला. हेमांगीने तो ओढणीआडून पाहिला. इतके दिवस तिला वाटत होतं की भीती तिची एकटीचीच आहे.

"भूगोल जमत नाही का, विचार."

ममता गप्प राहिली. मुद्दामच. अभिमनने पेनचं टोपण काढलं आणि अर्ज पुढे ओढला. पेन कागदाला टेकणार, तेवढ्यात हेमांगीला आपलं पुढचं सगळं आयुष्य नळाखालच्या हंड्यापाशी बसलेलं दिसलं.

"नको," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तिचा तिलाच ओळखू येईना. "सही नको, सर."

अभिमनने पेन खाली ठेवलं. वर पाहिलं नाही.

पण संध्याकाळी अंगणात खोकला आला. आता जेठ सांगणार. दाराआड उभं राहून बोलली, ‘सर’ म्हणाली, सगळं सांगणार. ती पदर ओढून जेठाच्या नव्हे, जणू फौजदाराच्या चाहुलीने आत पळाली. हातातली वाटी खाली पडली. बाहेर कापसाचं बोलणं झालं, भूषणची चौकशी झाली. मग अभिमन थांबला.

"काकू, उद्या वर्गात नकाशे काढायचे शेतस. रंगपेटी लागी."

भिकुबाई चकित झाली. "माले कसाले सांगी ऱ्हायना रे? मी का आते शाळामा जाऊ?"

भिकुबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि सुनेला हाच शिकवतो हे उमगून तिच्या कपाळाला आठी पडली.

"लागी तर लागी," शेवटी ती म्हणाली. "पण डोकं झाकेल ऱ्हावाले पाहिजे."

आतून हेमांगीने "हो" म्हटलं. दोघांनाही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने.