प्रेसमागून आलेलं "न्हाई"

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. बायको म्हणते, माझा तिच्यावरही नाही... ते सोडा. वाकडला राहतो, कंपन्यांना टॅबवर भरायचे तपासणीचे फॉर्म बनवून देतो. मोठी बटणं, सोपं मराठी, कुणालाही जमेल असं. आईला व्हिडिओ कॉल मात्र अजून शिकवता आलेला नाही.

चाकणची पत्र्याचे पार्ट बनवणारी एक कंपनी. सकाळी शिफ्टच्या आधी मशिनं बंद, सगळं शांत. तिथली जुनी पद्धत — एकानं प्रश्न वाचायचे, दुसऱ्यानं पत्रा दाबायच्या मशिनमागे, म्हणजे प्रेसमागे, उभं राहून "हाय" म्हणायचं. कशालाही "हाय"च. टॅब आला तरी पद्धत तीच. दुपारी मोठ्या साहेबांना डेमो होता. सगळं हिरवं दिसलं, तर काम मला मिळणार.

मी टॅबमध्ये डोकं घालून वाचत होतो. प्रेसपलीकडे ऑपरेटर दत्ताभाऊ.

"जाळी जागेवर?"

"हाय."

"तेल?"

"हाय."

"ब्रेक धरतो?"

"न्हाई."

"भाऊ, आज डेमो आहे. नीट बघून सांगा."

"न्हाई धरत." शांतपणे.

खरं सांगतो, बोट 'हो'कडेच चाललं होतं. का कोण जाणे, 'नाही' दाबलं.

तेवढ्यात कँटीनकडून दत्ताभाऊ आले — हातात चहा, बरोबर फिटर शकीलभाई.

"साहेब, तुमचा टॅब सुरूच होईना, म्हनलं तवर चहा मारून येऊ."

"अहो, आत्ता ब्रेक धरत नाही म्हणालात ना?"

"मी? बंद मशिनचा ब्रेक मला काय सपनात दिसतोय?"

मी प्रेसमागे जाऊन पाहिलं. नुसती भिंत.

शकीलभाईंनी पत्रा न लावता प्रेस चालवून पाहिली. पायडल सोडलं की वरचा दट्ट्या वरच थांबायला हवा. तो थांबला, आणि आपोआप परत खाली आला. दत्ताभाऊ दिवसभर तिथंच हात घालून पार्ट काढतात. त्यांनी कप खाली ठेवला, हात पँटला पुसले.

"कल तक तो बराबर था," शकीलभाई म्हणाले.

डेमो शेजारच्या प्रेसवर झाला. बायको म्हणते, तुमच्याच मनातला आवाज. असेल... पण माझं मन "न्हाई" म्हणत नाही, "नाही" म्हणतं.

तपासणाऱ्याचं नाव टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, हा नियम माझाच. तिथं दत्ताभाऊंचं नाव आहे. भेटले की म्हणतात, "साहेब, माझं नाव काढा. मी चहाला हुतो."

काढतो हो... पण कुणाचं टाकू?