ठमाबाईनं रेडिओला केलेले फोन

ठमाबाई रेडिओचं ऐकते. नुसतं कानानं नव्हे. पाणी उकळून प्या असं रेडिओनं सांगितलं की त्याच दिवशी तिच्या चुलीवर टोप चढतो. नवरा गेल्यापासून घरात दुसऱ्या माणसाचं बोलणं नाही, म्हणूनही असेल. गाणी लागली की ती आवाज बारीक करते आणि बोलणं लागलं की मोठा. आम्ही शेजारणींनी तिची पुष्कळ टिंगल केली. पण मासळी वाळूत सुकवू नका, सिमेंटच्या ओट्यावर सुकवा, हेही तिनं रेडिओवरच ऐकलं होतं. तेव्हा तिनं आम्हाला गोळा केलं, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि बंदरावर ओटा बांधून घेतला. तेव्हापासून आमच्या जवळ्यात वाळू कचकचत नाही, आणि व्यापारी नाक मुरडत नाही.

त्या रविवारी पहाटे होडीतून जवळ्याच्या टोपल्या उतरवून ओट्यावर गेलो, तर तिथं दोन मोटारी उभ्या. एक काळी, एक पांढरी, चांगल्या आडव्या लावलेल्या.

गाड्या विनेशच्या पाहुण्यांच्या. विनेश आमच्याच आळीतला, त्याच्या आईनं याच ओट्यावर मासळी सुकवून त्याला शिकवला. आता त्यानं घराचं कॉटेज केलंय आणि पाहुण्यांना बिनदिक्कत सांगतो, ओट्यावर लावा, आपलंच पार्किंग आहे. आपलंच! हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

त्याचा फोन बंद. ठमाबाईनं कॉटेजचं दार वाजवलं. हाफ पँटमधला एक पाहुणा कप हातात घेऊन बाहेर आला.

"दादा, गाड्या काढा. आमाला जवळा पसरायचाय."

"संध्याकाळी काढतो ना मावशी. तेवढं थांबा ना," तो गोड हसून म्हणाला आणि दार लोटून आत गेला.

थांबा म्हणे! जवळा थांबत नाही. तांदळाएवढी ती कोळंबी, सकाळी उन्हात पडली तर संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते, आणि टोपलीतच राहिली तर संध्याकाळी माडाच्या मुळाशी ओतावी लागते. वाळूत टाकावा तर तिथं घोडागाड्या आणि स्कूटर. आम्ही टोपल्यांवर ओली फडकी टाकून ठमाबाईच्या ओटीवर बसलो, आणि रेडिओ चालू होताच.

त्या दिवशी गाणी नव्हतीच. श्रोत्यांचा दिवस म्हणून रेडिओवर सकाळपासून नुसती बोलणी, आणि प्रत्येक कार्यक्रमात आग्रह की फोन करा, मन मोकळं करा. ठमाबाईनं ते खरं धरलं. "ओटा रेडिओनंच सांगितलेला. मंग रेडिओलाच सांगते," असं म्हणून ती फोन घेऊन मागीलदारी गेली, कारण रेडिओजवळ बोललं की शिट्टी वाजते. ती मागे बोलायची आणि आम्हाला पुढे रेडिओतून ऐकू यायची.

पहिला फोन लागला तो रक्तदाबाच्या डॉक्टरांना. ठमाबाई म्हणाली, "ओट्यावर गाड्या हायेत, त्यानं माझं डोकं तापलंय." डॉक्टरांनी तिचं वय विचारलं, जेवण विचारलं आणि सुकी मासळी बंद करा असा सल्ला दिला. ओटीवरची रंगू तर रेडिओला चप्पल मारायला उठली होती.

दुसऱ्या फोनवर शेतीवाल्या साहेबांनी, मासळी आमच्याकडे येत नाही म्हणून हात झटकले. त्यांचं एकवेळ सोडा. पण मग लागली ती कोकणातल्या पर्यटनावरची चर्चा. एक बाई आणि दोन गृहस्थ आळीपाळीनं सांगत होते की किनाऱ्यावरच्या महिलांना सुवर्णसंधी चालून आली आहे, त्यांनी फक्त मन मोठं करायला हवं. त्यातच ठमाबाईचा आवाज आला.

"मन मोठंच हाय. जागा न्हाय. आमच्या ओट्यावर पावण्यांच्या गाड्या हायेत आनी जवळा टोपलीत कुजतोय."

"आजी, आज आपण तक्रारी नको करूया. काहीतरी सकारात्मक सांगा ना!" असं म्हणून त्या बाईनं फोन तोडला आणि पाहुणचाराचं महत्त्व सांगायला घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ज्यांनी मन मोकळं करा म्हणून गळा काढला, त्यांनाच मोकळं झालेलं मन सोसेना!

ऊन डोक्यावर आलं. फडक्याखालून वास सुटायला लागला. ठमाबाई पुढे येऊन टोपलीत हात घालून बघून गेली. मग रेडिओवर स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला, आपल्या घरची खास पाककृती सांगा. आणि पुन्हा तीच, आमची ठमाबाई.

"जवळ्याची चटनी सांगते."

"अरे वा! तोंडाला पाणी सुटलं. सांगा, साहित्य काय काय?"

"पयला जवळा. तो वाळलेला पायजे. वाळवायला ओटा पायजे. ओट्यावर दोन गाड्या उभ्या हायेत."

"छान, छान. मग पुढे?" निवेदिकेचं लक्ष कुठं होतं देव जाणे.

"मंग जवळा गाडीवरच पसरायचा. टपावर, तोंडावर, मागं. काळी गाडी असंल तर लय चांगलं, लवकर तापते."

"किती वेगळी पद्धत! आणि मग कांदा कधी घालायचा?"

"कांद्याचं मंग बघू. ऊन हाय तवर जवळा पसरते," असं म्हणून ठमाबाईनं फोन ठेवला. मघाशी रेडिओनं तिचा फोन तोडला होता, या वेळी तिनं रेडिओचा तोडला.

आम्ही एकमेकींकडे बघत होतो. ठमाबाई मागून आली आणि तिनं टोपली डोक्यावर घेतली.

"अगो, खरंच?" मी विचारलं.

"रेडिओवर सांगितलंय," ती म्हणाली.

आम्ही सगळ्या निघालो. ओट्यावर गेल्यावर तिनं आधी ओल्या फडक्यानं दोन्ही गाड्या पुसून घेतल्या, कारण स्वच्छतेचंही रेडिओनं कधीतरी सांगितलेलं होतं. मग मूठमूठ जवळा काळ्या टपावर, काचेवर, बॉनेटवर असा काही सारखा पसरला की गाडीचा रंग दिसेना. पांढरी आम्ही बाकीच्यांनी झाकली. वर कावळे फिरायला लागले.

तासाभरात हाफ पँट धावत आली. मागून विनेश, त्याचा फोन आता कानाला चिकटलेला.

"अहो, हे काय? माझी नवी गाडी आहे! काढा आधी हे सगळं, आत्ताच्या आत्ता!"

ठमाबाई जवळा उलटत होती. तिनं वर पाहिलं आणि अगदी त्याच्यासारखं गोड हसली.

"संध्याकाळी काढते ना दादा. तेवढं थांबा ना."